पॅलेस्टिनी जेवण: पॅटरसनला काय खावं, घरी काय करावं

ओलीभेळ

अमेरिकेत बऱ्याच पॅलेस्टिनी हॉटेलांवर 'पॅलेस्टिनी' अशी पाटी नसते. 'मेडिटेरेनियन ग्रिल' वगैरे मोघम काहीतरी लिहिलेलं असतं आणि मेनूकार्डात हमस, फलाफल, श्वार्मा, कबाब. आपण तेच मागवतो आणि घरी येऊन "लेबनीज जेवलो" म्हणून सांगतो. ज्या पदार्थांवर ती माणसं जीव टाकतात ते कार्डात नसतातच. ते आठवड्यातून एखाद्या दिवशी होतात, फळ्यावर खडूने लिहिलेले असतात, नाहीतर "आज काय केलंय?" असं विचारावं लागतं. मी विचारायला लागले आणि आमचं बाहेरचं खाणंच बदललं.

मी न्यू जर्सीत पार्सिपनीला राहते. तिथून ८० नंबरच्या हायवेने पॅटरसन जवळच आहे. पॅसेक नदीचा धबधबा बघायला आपले लोक जातात आणि तसेच परत येतात. त्यांनी गाडी दक्षिणेकडे मेन स्ट्रीटला घालावी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथल्या रेशमाच्या गिरण्यांमध्ये कामाला सीरियाकडची माणसं आली, पॅलेस्टिनी बहुतेक १९६७ नंतर. आता वस्ती एवढी आहे की २०२२ मध्ये शहराने मेन स्ट्रीटच्या एका भागाला 'पॅलेस्टाइन वे' असं नाव दिलं.

सुरुवात बेकरीपासून करा. तिथे ताबून नावाची रोटी मिळते. गावाकडे ती मातीच्या भट्टीत तापलेल्या गोट्यांवर भाजतात, म्हणून तिच्या अंगावर खळगे पडतात. इथे गॅसची भट्टी असली तरी खळग्यांसाठी दगड ठेवलेले असतात. या खळग्यांत तेल साचतं, आणि मुसख़्ख़न करायचं तर ते साचायलाच हवं.

मुसख़्ख़न म्हणजे ताबूनवर सुमाक (एका रानफळाची आंबट लाल पूड) घातलेला कांदा आणि वर भाजलेली कोंबडी. वाचताना यात काही विशेष वाटत नाही. पण ऑक्टोबर-नोव्हेंबरात ऑलिव्हची तोडणी होते, घाण्यावरून नवं तेल घरी येतं आणि ते कसं उतरलंय ते बघायला हा पदार्थ करतात. त्यामुळे यात तेल 'घालत' नाहीत, ओततात. खाताना मनगटापर्यंत ओघळ आला नाही तर करणाऱ्याने हात आखडता घेतला म्हणायचं. काटा-चमचा मागू नका.

घरी करायचं तर: कोंबडीचे मोठे तुकडे वेलदोडे, तमालपत्र आणि ऑलस्पाइस घालून उकडून घ्या. पाणी फेकू नका. चौघांसाठी निदान सात-आठ मोठे कांदे उभे चिरा. हो, सात-आठ. वाटीभर ऑलिव्ह तेलात मंद आचेवर मीठ घालून पाऊण तास शिजू द्या. लाल करायचे नाहीत, मऊ लोण्यासारखे व्हायला हवेत. गॅस बंद करून तीन-चार मोठे चमचे सुमाक घाला. कांदा जांभळट होतो. रोटी त्या कोंबडीच्या पाण्यात नुसती बुडवून काढा, कांदा पसरा, वर कोंबडी आणि थोडं सुमाक ठेवून ओव्हनमध्ये वरच्या आचेवर रंग येईपर्यंत ठेवा. शेवटी तळलेले चिलगोजे किंवा बदाम. ताबून नसेल तर जाड नान चालेल, पिटा नको, तिचा लगदा होतो.

बाकीचं प्रतिसादांत.

रुमालवाला

रुमाल टाकून ठेवतो. फोटोशिवाय पाककृतीचा धागा फाऊल धरला जातो हे धागाकर्तीला ठाऊक असेलच.

कोथिंबीरजुडी

मस्त! पण आम्हा शाकाहाऱ्यांनी काय करायचं? कांदा चाटायचा?

ओलीभेळ

@रुमालवाला, हात तेलाचे असताना फोन कोण धरणार?

@कोथिंबीरजुडी, कोंबडी वगळून नुसता कांदा-रोटी-बदाम हा प्रकारही झकास लागतो, फक्त रोटी भाजीच्या पाण्यात बुडव. बाकी शाकाहारी भरपूर आहे. सगळ्यात सोपं मुजद्दरा: अख्खे मसूर, तांदूळ, जिरं आणि वर काळपट होईपर्यंत तळलेला कांदा, सोबत दही आणि काकडी-टोमॅटो. झातर (ओव्यासारख्या वासाचा रानपाला वाळवून, त्यात तीळ आणि सुमाक घालून केलेला मसाला) लावलेली मनाकीश रोटी आणि पालक-सुमाकची त्रिकोणी फतायर कुठल्याही बेकरीत मिळते. द्राक्षाच्या पानांची गुंडाळी घेताना मात्र विचारून घे. थंड देतात ती बहुधा नुसत्या भाताची असते, गरम देतात तिच्यात खिमा असतो. आणि मफ्तूल घेतलंस तर रस्सा कशाचा आहे ते विचार, भाज्या दिसल्या तरी खाली कोंबडीचं पाणी असतं.

शेपूद्वेष्टा

मफ्तूल म्हणजे कुसकुस ना?

ओलीभेळ

दुकानात 'पॅलेस्टिनी कुसकुस' म्हणून विकतात खरं, पण करण्याची रीत वेगळी. परातीत भिजवलेला बारीक दलिया घेतात, त्यावर थोडं पीठ भुरभुरतात, पाण्याचा हात लावतात आणि तळव्याने गोल गोल फिरवत राहतात. दाण्यावर पिठाचा थर चढत जातो. मग चाळून वाफवायचं आणि वाळवायचं. हाताने केलेल्याचे दाणे लहान-मोठे असतात आणि आत दलिया असल्याने दाताखाली येतात. सगळे दाणे एका मापाचे दिसले की ते यंत्राचं.

फ्रीकेही घ्या. गहू दुधावरून पुढे गेलेला पण अजून हिरवा असताना कापतात, ताटांसकट आग लावून भाजतात, मग चोळून दाणे काढून वाळवतात. आपल्याकडे ओंब्यांचा हुरडा खातात तोच गहू, फक्त हे लोक तो वर्षभरासाठी साठवतात. त्याचा धुराचा वास सूपमध्ये फार सुरेख लागतो. शिजवायच्या आधी निवडा, खडे सापडतात.

उलटतपासणी

चांगली माहिती. पण एक शंका. यातलं निम्मं लेबनॉन, सीरिया, जॉर्डनमध्येही खातात. मग याला खास 'पॅलेस्टिनी' का म्हणायचं? की यातही राजकारण?

ओलीभेळ

शंका रास्त आहे. हमस-फलाफलवर कुणा एकाची मालकी सांगण्यात मला रस नाही, ते त्या सगळ्या पट्ट्याचं आहे. ऑटोमन काळात नाब्लस बैरूतच्या प्रांतात मोडायचं आणि गाझा जेरुसलेमच्या कारभारात. आजच्या सीमा त्यानंतरच्या. नाब्लसचं खाणं दमास्कसच्या जवळ जाणार, गाझाचं इजिप्तकडे झुकणार, हे ओघानेच आलं. माझं म्हणणं उलट आहे: 'पॅलेस्टिनी' हे नावसुद्धा मोघम पडतं. विचारायचं तर गावाचं नाव विचारा.

हेब्रॉनचा माणूस किद्रा सांगेल. तांब्याच्या हंड्यात तांदूळ, मटण, हरभरे आणि लसणाच्या अख्ख्या कुड्या घालून हंडा गल्लीतल्या लाकडाच्या भट्टीवर पाठवतात. हेब्रॉनची द्राक्षंही नावाजलेली, त्यांचा काकवीसारखा दिब्स आणि वाळवलेली पोळी (मल्बन) करतात. बत्तीरच्या डोंगरउतारावरच्या पायऱ्यांच्या शेतीला २०१४ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा ठरवलं, पण पॅलेस्टिनी बायका ते गाव वांग्यांसाठी ओळखतात. जेरुसलेमचा माणूस तीळ लावलेला लांबोळका पाव, म्हणजे काअक, सोबत कागदात बांधलेलं झातर. नाब्लसची मंडळी तर बोलूच देत नाहीत: कुनाफा (चीज भरलेली पाकातली मिठाई), चीज, साबण, सगळं आमचंच.

बर्लिनची_मावशी

कुनाफ्याचं नाव निघालं म्हणून आले. इथे नॉयकोल्नमध्ये झोनेनआलेवर अरबी दुकानांची रांग आहे. लेबनॉनच्या यादवीत तिथल्या निर्वासित छावण्यांमधून बरेच पॅलेस्टिनी पश्चिम बर्लिनला आले, त्यामुळे युरोपातली त्यांची मोठी वस्ती इथे आहे. मिठाईच्या दुकानात जेवणाच्या ताटाच्या दुप्पट आकाराची परात विस्तवावर सतत फिरवत असतात. कुनाफा खालून भाजला गेला की दुसरी परात वर ठेवून एका झटक्यात उलटा करतात आणि तापलेल्या थरावर गार पाक ओततात. तो चुर्र आवाज ऐकू आला की रांगेत लागायचं, कारण गार झाल्यावर चीज चिवट होतं.

दोन प्रकार असतात, रवाळ मऊ 'नाअमे' आणि शेवयांचा 'ख़िश्ने'. मला पहिला आवडतो. दुसऱ्यात शेवयाच जास्त लागतात. आतलं नाबुल्सी चीज मुळात खारवलेलं असतं. साठवणीचं चीज मस्तिक (एका झाडाचा सुगंधी डिंक) आणि महलब (रानचेरीच्या बियांची पूड) घालून मिठाच्या पाण्यात उकळतात. म्हणून घरी करणाऱ्यांनी ते पातळ कापून पाणी बदलत रात्रभर भिजत घालावं. घाईत असाल तर मोझरेला आणि रिकोटा चालून जातं, पण ते ताणलं जातं, त्याला चव नसते.

कोथिंबीरजुडी, या चिजात प्राण्याचं रेनेट (दूध साकळायला वापरतात तो जनावराच्या जठरातला पदार्थ) असू शकतं हो. पुडक्यावर वाचून घ्या.

रानभाजी

अवांतर नाही, विषयातलंच विचारते. तिकडे पावसाळी-हिवाळी रानभाज्या खातात का?

बर्लिनची_मावशी

अगदी! आपल्या घोळाला ते बक़ला म्हणतात, कोशिंबिरीत आणि फतायरमध्ये घालतात. हिवाळ्यात ख़ुब्बेज़े म्हणून एक पालेभाजी उगवते, कांदा आणि ऑलिव्ह तेलात परतून लिंबू पिळून खातात. मुलुख़िया म्हणजे ज्यूटचा पाला, बंगाली ज्याला पाट शाक म्हणतात तोच. भेंडीसारखा बुळबुळीत, पण लसूण-धण्याची फोडणी दिली की भातावर ताटभर जातो. आणि वसंतात अक्कूब. काटेरी झुडूप आहे, काटे कात्रीने काढता काढता बोटांची चाळण होते. चव आर्टिचोकच्या जवळची.

ओलीभेळ

अक्कूब आणि झातर यांची आणखी एक गोष्ट सांगायला हवी. रानातलं झातर तोडायला इस्राएलने १९७७ मध्ये बंदी घातली, अक्कूबवर २००५ मध्ये. सरकारचं म्हणणं, ओरबाडून वनस्पती संपत चालली आहे. पॅलेस्टिनी बायकांचं म्हणणं, आमच्या आज्या-पणज्या मुळं न उपटता खुडतच आल्यात, आणि दंड मात्र आम्हाला होतो. पुढे नियम काहीसे सैल झाले. आता लोक झातर शेतात लावतात. उलटतपासणी, राजकारण शोधायला मी गेले नव्हते, भाजी विचारायला गेले होते.

लोदकर

मी बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. आईवडील ठाण्याचे, आत्या इस्राएलमध्ये लोदला. लोद-रामल्याला आमच्या समाजाची बरीच घरं आहेत, म्हाताऱ्या मंडळींमध्ये मराठी अजून चालते. आत्या मलिद्याचे (आमच्याकडच्या शुभकार्यातल्या प्रसादाचे) पोहे स्वतः भिजवते, पण खजूर, हिरवे बदाम आणि झातर रामल्याच्या बाजारातल्या अरब दुकानदाराकडूनच घेते. हिरवे बदाम वसंतात थोडे दिवस येतात. मखमली साल, आत अजून पाण्यासारखा गर. अख्खे मिठात बुडवून खायचे.

रानातल्या कायद्यावर माझ्या घरातही दोन मतं आहेत, इथे वाद घालत नाही. रुम्मानिया मात्र कुणीतरी सांगाच. ती लोद-रामल्या-याफाकडची, आणि मला तिची कृती कुणी धड सांगितलेली नाही.

शेपूद्वेष्टा

सांगा सांगा. नावात तरी शेपू नाही.

ओलीभेळ

नावात नाही, पोटात आहे.

१९४८ मध्ये याफा, लोद आणि आसपासच्या गावांतून निघालेले हजारो लोक गाझाला पोचले. आज गाझातली दोनतृतीयांशाहून जास्त वस्ती त्या निर्वासितांची आणि त्यांच्या मुला-नातवंडांची. त्यांच्या चुली सोबत आल्या. म्हणून रुम्मानिया आता गाझाची म्हणूनही ओळखली जाते. गाझाचं जेवण बाकी पॅलेस्टिनी जेवणापेक्षा तिखट. हिरवी मिरची, लसूण आणि शेपू ही तिथली त्रयी. शेपूचं बी, म्हणजे आपला बाळंतशेपा, तिथे रोजच्या स्वयंपाकात पडतो. बडीशेप घालू नका, पदार्थ गोडसर होईल.

एक वाटी अख्खे मसूर (साल काढलेले लाल नकोत) चार वाट्या पाण्यात जिरेपूड घालून अर्धेकच्चे शिजवा. दोन मध्यम वांगी सोलून बोराएवढ्या फोडी करून घाला आणि गळेपर्यंत शिजू द्या. आंबट डाळिंबाचा रस वाटीभर लागतो. इथे तो मिळत नाही, म्हणून साध्या रसात पाव वाटी डाळिंबाची काकवी मिसळते. त्यात दोन चमचे कणीक आणि दोन चमचे ताहिनी (तिळाचं वाटण) कालवून ओता आणि ढवळत राहा. झुणक्याइतकं घट्ट व्हायला हवं. खलबत्त्यात पाच-सहा लसूणपाकळ्या, दोन हिरव्या मिरच्या, मीठ आणि चमचाभर बाळंतशेपा ठेचा, ऑलिव्ह तेलात परतून वरून घाला. गरम खायची नाही. पसरट ताटलीत ओतून गार होऊ द्या, सेट झाली की वर डाळिंबाचे दाणे आणि पुन्हा तेल. रोटीने खा.

कोथिंबीरजुडी, ही पूर्ण शाकाहारी आहे.

शेपूद्वेष्टा

बी म्हटल्यावर विचार करता येईल. पाला असता तर आमचा पास.

ओलीभेळ

मग दग्गा करू नकोस. टोमॅटो, मिरची, लसूण आणि मूठभर शेपू मातीच्या खोलगट वाडग्यात लाकडी बत्त्याने ठेचतात. या वाडग्याला ते ज़िब्दिये म्हणतात, आणि गाझाच्या घरात मिक्सर असला तरी तो असतोच. कोळंबीही त्यातच शिजते.

उलटतपासणी

मगाशी मी राजकारण म्हणालो म्हणून आता मीच लिहितो. गाझा शहर आणि आसपासच्या भागात दुष्काळ असल्याचं २२ ऑगस्ट २०२५ ला आयपीसीने (जगभरची उपासमार मोजणाऱ्या आंतरराष्ट्रीय यंत्रणेने) जाहीर केलं. कोळंबी आणि शेपूबद्दल वाचताना ते डोक्यातून जात नाही. इथे लिहू नये असं कुणाला वाटत असेल तर उडवा.

बर्लिनची_मावशी

उडवू नका. इथला मिठाईवाला गिऱ्हाइकाशी पाकाबद्दल बोलता बोलता फोनवर गाझातल्या बहिणीला पीठ मिळालं का विचारत होता. त्याला ते दोन विषय वेगळे करता येत नव्हते.

कुवेतवाले_काका

उशिरा आलो. मी १९८० च्या दशकात कुवेतला होतो. तेव्हा तिथे चारेक लाख पॅलेस्टिनी होते. मुलांचे शिक्षक, ऑफिसातले इंजिनियर, दवाखान्यातले डॉक्टर, पुष्कळ तेच. शेजारच्या बाईंना थोरल्या मुलाच्या नावाने उम्म अमुक म्हणायचं, नुसतं नाव घ्यायचं नाही. रमझानमध्ये त्यांच्याकडून कतायेफ यायचे: एका बाजूने भाजलेला छोटा धिरडा, आत अक्रोड नाहीतर चीज, मग दुमडून तळलेला आणि पाकात बुडवलेला. ताटली परत करताना रिकामी करायची नाही हा नियम दोन्ही घरांना माहीत होता, त्यामुळे आमच्या चकल्या आणि त्यांचे मआमूल (खजूर भरलेली बिस्किटं) यांची ये-जा चालायची. १९९० मध्ये इराकने कुवेतवर हल्ला केला, त्यानंतर इमारतीतली ती सगळी घरं रिकामी झाली. कुठे गेले ते कळलं नाही. बहुतेक जॉर्डन.

त्यांच्याकडचा मकलूबा मात्र आमच्या घरात राहिला. हिची मालवणी कोंबडी एकीकडे आणि दर शुक्रवारी तो एकीकडे. तळलेली वांगी-फ्लॉवर, खाली मटण, वर तांदूळ, सगळं एका पातेल्यात शिजवून परातीवर उपडं करायचं. उपडं केल्यावर दहा मिनिटं पातेलं उचलायचं नाही. भाताला खाली बसू द्यायचं. पातेल्याच्या बुडावर चापट्या मारायचा मान घरातल्या धाकट्याचा.

रानभाजी

काका, वांगी तेल फार पितात त्याचं काय करता?

कुवेतवाले_काका

काप करून मीठ लावून अर्धा तास ठेवायचे, पुसून कोरडे करायचे. आणि तेल चांगलं तापलेलं हवं. ओव्हनमध्ये भाजून करतात हल्ली, चालतं, पण हिला विचाराल तर नाही चालत.

रुमालवाला

एवढं वाचल्यावर आता खरेदीची यादी द्या. झातर कुठलं घ्यावं? इंडियन स्टोअरमधलं गवतासारखं लागलं.

ओलीभेळ

मेन स्ट्रीटवर सुटं झातर मिळतं. चमचाभर हातावर घेऊन बघ. हिरवं असावं आणि तीळ वेगळे दिसावेत. करडं असेल तर जुनं, आणि गव्हाचा भरडा घालून वाढवलेलंही असतं, ते पिठूळ लागतं. सुमाक घेताना मीठ घातलेलं आहे का ते बघ आणि त्या हिशोबाने कांद्यात मीठ कमी कर. ताहिनी साधी घे. गाझाची लाल ताहिनी तीळ जास्त भाजून करतात, ती इथे क्वचित दिसते, दिसली तर मला फोन कर. ऑलिव्ह तेल नव्या हंगामाचं, तोडणीचं वर्ष डब्यावर असतं. घशाला किंचित झोंबलं तर उत्तम.

आणि काळी कुळकुळीत वडी दिसली तर घाबरू नकोस. ती नाब्लसची क़िज़्हा. कलौंजी भाजून वाटलेल्या काळ्या गोळ्यात रवा आणि साखर. पहिला घास कडू, तिसऱ्यापासून सोडवत नाही. आमच्या घरी मी एकटीच खाते, तेही बरंच आहे.

कोथिंबीरजुडी

ताबून आणून फ्रीझरमध्ये टिकते का?

ओलीभेळ

टिकते. मध्ये बटरपेपर घालून ठेव, नाहीतर चिकटतात. काढल्यावर थेट तव्यावर टाक, मायक्रोवेव्ह नको.

रुमालवाला

मी या शनिवारी जातोय. एडिसनहून अजून कोण?

कोथिंबीरजुडी

मी येते. मुजद्दरा आणि फतायर माझ्याकडून.

ओलीभेळ

दहाच्या आत पोचा, नंतर मेन स्ट्रीटला पार्किंग मिळत नाही. आणि आत गेल्यावर मेनूकार्ड मागू नका.